वाद्यालाही दप्तर हवे

रोगी वैद्याकडे गेला म्हणजे वैद्य प्रथम त्याच्या मागील दुखण्यांची चौकशी करतो. वाद्य मात्र मुके असते. ते गाते, पण आपले दुखणे सांगत नाही. म्हणून त्याचे दप्तर दुसऱ्या कोणी तरी ठेविले पाहिजे, असे आमचे मत आहे.

बऱ्हाणपुरातील आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक तंबोरा आहे. त्याचा भोपळा तडकला, तेव्हा सांधणाऱ्या कारागिराने विचारले, "घोडी मूळचीच का? जवारी कितीदा लावली?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. जवारी लावताना घोडी दरवेळी थोडी घासली जाते; तिचे आयुष्य त्या हिशेबावर अवलंबून असते. पूर्वी दुरुस्ती करणारे गृहस्थ निवर्तले होते आणि त्यांच्या वहीचा पत्ता कोणासच नव्हता.

आज यावर सोपा उपाय आहे. काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड आपण सर्वांनी पाहिला आहे. दुसरा प्रकार आरएफआयडी टॅगचा. त्याच्या साध्या प्रकाराला बॅटरी लागत नाही. वाचणाऱ्या यंत्राच्या रेडिओलहरींतूनच तो शक्ती घेतो आणि आपला क्रमांक सांगतो. दुरुस्तीच्या दुकानात शंभर वाद्ये असली, तरी त्या क्रमांकावरून प्रत्येकाची नोंद क्षणात समोर येते.

तंतुवाद्यांच्या कारागिरीत मिरजेचे नाव मोठे. फरीदसाहेब सतारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात ती कला तेथे रुजविली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने गावाचा मान राखला जातो. परंतु अमुक तंबोरा कोणत्या हातांनी घडविला व कोणत्या हातांनी सुधारला, हे त्याच्या स्वतःच्या दप्तरावाचून कळणार नाही.

काही जण म्हणतील, जाणत्या कारागिराला हाताने व कानाने जे कळते ते टॅगला काय कळणार? हे अगदी खरे. पण ते हात व तो कान माणसाबरोबर जातात. मागे राहते ती नोंदच. मात्र तीत कारागिराचे नाव हवे, तिची प्रत मालकालाही मिळावी आणि तोच क्रमांक एका बांधीव वहीतही असावा. कारण यंत्रे बदलतात, बंदही पडतात. टॅग तबलीवर लावू नये, कारण तिच्या कंपनातूनच नाद उमटतो. तो गवसणीला लावावा. आणि खोटी नोंद वहीत काय, टॅगमध्ये काय, खोटीच!

विद्यार्थी मित्रांनो, टॅग येईल तेव्हा येवो. तुमच्या घरी पेटी, तबला वा सतार असेल, तर आजच एक वही घ्या आणि वडीलधाऱ्यांना विचारून तिचे पहिले पान लिहा. सांगणारी माणसे आहेत तोवरच ते लिहिता येईल.