विश्लेषण : जेम्स बाँडचा ‘एम’ मुंबईच्या बंदरात का हरला?

वाळवा तालुक्यात १९४३ ते १९४६ ही वर्षे प्रतिसरकारची म्हणून ओळखली जातात. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड ही नावे आष्टा परिसरात नव्याने सांगावी लागत नाहीत. नेमक्या याच काळात भारतातल्या ब्रिटिश नौदलाची सूत्रे ज्या अधिकाऱ्याकडे होती, त्याचे नाव मात्र इथे फारसे ऐकू येत नाही. ते नाव म्हणजे व्हाइस ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे.

जगाला ते ओळखीचे आहेत ते दुसऱ्याच कारणाने. जेम्स बाँडचा वरिष्ठ ‘एम’ हे पात्र बऱ्याच अंशी गॉडफ्रे यांच्यावर बेतलेले मानले जाते. मोबाइलवर त्यांच्याविषयी शोधले की बाँड आधी सापडतो. महाराष्ट्राने मात्र त्यांना २१ फेब्रुवारी १९४६ या तारखेने लक्षात ठेवायला हवे.

गॉडफ्रे कोण होते?

जन्म १८८८, बर्मिंगहॅमजवळचा. १९०३ मध्ये, म्हणजे आजच्या हिशेबाने दहावीच्या वयात, ते ब्रिटिश नौदलात कॅडेट म्हणून दाखल झाले. पहिल्या महायुद्धात ‘युरिॲलस’ या युद्धनौकेवरून ते दार्दानेल्सच्या मोहिमेत होते. पुढे नौदलाच्या स्टाफ कॉलेजात अध्यापन, चीनच्या समुद्रात क्रूझरचे नेतृत्व, लंडनमध्ये नियोजन विभाग आणि १९३६ पासून ‘रिपल्स’ या बड्या युद्धनौकेची कप्तानी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरती झालेल्या हुशार ब्रिटिश अधिकाऱ्याची ही ठरलेली चढती कमान होती.

‘एम’ची भानगड काय?

१९३९ च्या सुरुवातीला गॉडफ्रे ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक झाले. स्वतःचा मदतनीस म्हणून त्यांनी एका तरुणाला निवडले. त्याचे नाव इयान फ्लेमिंग. याच फ्लेमिंग यांची बाँडवरची पहिली कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

सप्टेंबर १९३९ मध्ये गॉडफ्रे यांच्या नावाने शत्रूला फसवण्याच्या युक्त्यांची एक यादी निघाली. मृतदेहावर खोटी कागदपत्रे ठेवून ती शत्रूच्या हाती पडू द्यावीत, ही कल्पना त्यात होती. १९४३ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर तसेच केले गेले. हीच ती ‘ऑपरेशन मिन्समीट’ ही मोहीम, जिच्यावर अलीकडे चित्रपटही आला. मोहीम पार पडली तेव्हा गॉडफ्रे लंडनमध्ये नव्हते. १९४२ च्या अखेरीस त्यांना गुप्तवार्ता विभागातून हलवण्यात आले होते. बुद्धी तल्लख, पण स्वभाव तापट. सहकाऱ्यांशी सतत खटके. नवी नेमणूक होती भारतात : रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख.

भारतात त्यांनी काय केले?

त्यांच्या बाजूने जे आहे तेही सांगायला हवे. युद्धापूर्वी या नौदलात दोन हजारांच्या आत माणसे होती. युद्ध संपेपर्यंत हा आकडा २५ हजारांच्या पुढे गेला. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या दलाला जहाजे, प्रशिक्षण आणि तंत्रज्ञ पुरवणे सोपे नव्हते. लोणावळ्याची ‘शिवाजी’ ही सागरी अभियांत्रिकीची प्रशिक्षण संस्था त्यांच्याच काळात, फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झाली. आजही नौदलाचे तंत्रज्ञ तिथेच घडतात.

म्हणजे गॉडफ्रे निष्क्रिय नव्हते. त्यांनी दल मोठे केले. त्या दलातला माणूस काय खातो, काय ऐकून घेतो आणि त्याला काय वाटते, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

फेब्रुवारी १९४६ मध्ये काय घडले?

कुलाब्यात ‘तलवार’ नावाची नौदलाची संस्था होती. तिथे संदेशवहन शिकवले जाई. जेवण निकृष्ट, पगार ब्रिटिश नौसैनिकांपेक्षा कमी, युद्ध संपल्यावर पुढे काय याची खात्री नाही, अशा तक्रारी होत्या. आझाद हिंद सेनेवरच्या खटल्यांमुळे मने आधीच पेटलेली होती. १ डिसेंबर १९४५ ला ‘तलवार’च्या भिंतींवर ‘भारत छोडो’च्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बी. सी. दत्त या नौसैनिकाला अटक झाली. तिथला प्रमुख अधिकारी, कमांडर किंग, नौसैनिकांना शिवीगाळ करतो, अशा तक्रारी रीतसर देण्यात आल्या. त्यांची वेळेत दखल घेतली गेली नाही.

१८ फेब्रुवारीला सकाळी नौसैनिकांनी जेवण नाकारले आणि काम थांबवले. दुसऱ्या दिवशी ते फोर्ट भागात रस्त्यावर उतरले. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संप समिती झाली. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र फडकले. उठाव कराचीपर्यंत पसरला. सुमारे ७८ जहाजे आणि २० हजार नौसैनिक त्यात होते, असे सांगितले जाते.

२१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्सजवळ गोळीबार झाला. त्याच दिवशी गॉडफ्रे रेडिओवरून बोलले. सरकार झुकणार नाही, गरज पडली तर संपूर्ण नौदल नष्ट झाले तरी चालेल, असा त्यांचा इशारा होता. तीन वर्षे उभारलेले नौदल बुडवण्याची धमकी त्याच नौदलाचा प्रमुख देत होता. मुंबईचा कामगार दुसऱ्या दिवशी नौसैनिकांच्या बाजूने रस्त्यावर आला. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. सरदार पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नौसैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली.

दोष एकट्या गॉडफ्रे यांचा होता का?

नाही. पगाराचे नियम वरून येत. साम्राज्य मोडकळीला आले होते आणि ते कुणा एका अधिकाऱ्याच्या हातात नव्हते. नौदलाचा कोणताही प्रमुख असता तरी १९४६ मध्ये देश शांत राहिला नसता.

पण न्या. फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने मुळाशी कोणते कारण धरले, ते महत्त्वाचे आहे. दीर्घकाळ न सोडवलेल्या सेवेतल्या तक्रारी हे मूळ कारण, राजकीय वातावरणाने त्यात भर घातली, असे आयोगाचे म्हणणे होते. थोडक्यात, दारू आधीच भरलेली होती. ती वेळेत काढून घेण्याचे काम प्रमुखाचे होते.

इथेच या कारकिर्दीतली खरी विसंगती आहे. जर्मन नौदलाच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज बांधण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याला स्वतःच्या बरॅकमधल्या ताटात काय वाढले जाते, याची खबर नव्हती; किंवा खबर असून ती महत्त्वाची वाटली नाही. डाळीबद्दलची तक्रार ही त्यांच्या लेखी बेशिस्त होती, माहिती नव्हती. संदेशवहन शिकवणाऱ्या संस्थेतूनच उठाव सुरू व्हावा, कारण खालचा संदेश वर जात नव्हता. यापेक्षा बोलके उदाहरण सापडणार नाही.

आष्ट्याला याचे काय?

त्याच वर्षांत वाळवा परिसरातल्या गावांत प्रतिसरकार लोकांचे तंटे ऐकून निवाडे करत होते. सरकारी कचेरी होती, पोलीस होते, कायदाही होता. तरी लोक आपले गाऱ्हाणे घेऊन प्रतिसरकारकडे जात. कारण तिथे ते ऐकले जाई. कुलाब्यातल्या नौसैनिकालाही हेच हवे होते. ऐकणारा उरला नाही की हुकूम कागदावर उरतो, हे गावात आणि जहाजावर एकाच काळात सिद्ध झाले.

या भागातली मुले-मुली आजही सैन्य, नौदल, पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. त्यांतले काही शिपाई होतील, काही अधिकारी. शिस्त हवीच, पण शिस्त म्हणजे तक्रार गिळणे नव्हे. ती रीतसर देता यावी आणि तिला ठरल्या मुदतीत उत्तर मिळावे, ही शिस्तीचीच दुसरी बाजू आहे. हे बरॅकला लागू आहे, तसेच साखर कारखान्याला, वसतिगृहाला आणि नगरपरिषदेलाही.

उठावानंतर गॉडफ्रे त्याच वर्षी भारतातून परतले आणि पूर्ण ॲडमिरल म्हणून निवृत्त झाले. बडतर्फ झालेल्या शेकडो नौसैनिकांना मात्र स्वातंत्र्यानंतरही नौदलात परत घेतले गेले नाही. कुलाब्यात आज या उठावाचे स्मारक उभे आहे. मुंबईला गेलेल्या आष्टेकराने गेटवेवर फोटो काढून झाला की तिकडेही एक चक्कर मारावी. ‘एम’ला पडद्यावर जागा मिळाली, ज्यांचे ऐकले गेले नाही, त्यांच्यासाठी एवढी वाट वाकडी करायला हरकत नाही.