‘छान आहे’च्या पुढे काय?

माझ्या मामेभावाने घरीच स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं. लॅपटॉपवर बसून मिक्स केलं आणि मला पाठवलं. मी ते भाजी चिरता चिरता मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं आणि कळवलं, “छान झालंय रे, पण डग्गा ऐकूच येत नाही.”

त्याने दोन रात्री जागून डग्गा वाढवला. मग तेच गाणं मामाच्या गाडीत लावलं, तर दारं थरथरायला लागली आणि शब्द पार बुडाले! डग्गा आधी नीटच होता. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून त्याचा घुमारा बाहेर येत नव्हता, एवढंच.

तुमच्याही घरात किंवा मित्रांमध्ये असं कुणी गाणं करणारं असेल, तर मत देताना एवढं सांभाळा.

मत देणार असाल तर

आधी साध्या हेडफोनवर ऐका, मग मोबाइलवर. कशावर ऐकलं तेही सांगा. आवाज अगदी बारीक ठेवू नका. कमी आवाजात आपल्या कानांना खर्जातले सूर जास्तच कमी ऐकू येतात. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

“काहीतरी कमी वाटतंय” असं म्हणू नका. त्यावर समोरचा काय करणार? त्याऐवजी जागा सांगा : “१ मिनिट २० सेकंदांना हार्मोनियम सुरू होते, तिथे शब्द कळत नाहीत.” उपाय सुचवलाच पाहिजे असं नाही. तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगा, दुरुस्ती त्याला करू द्या. आणि जे आवडलं तेही नेमकं सांगा, नाहीतर तो चांगली जागाच बदलून बसेल.

मत मागणार असाल तर

“कसं वाटलं?” विचारलंत तर “मस्त” एवढंच उत्तर येणार. एकच नेमका प्रश्न विचारा : “दुसऱ्या कडव्यात शब्द कळतात का?”

जुना आणि नवा असे दोन मिक्स पाठवणार असाल, तर दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठ्याने वाजतो, तो आपल्याला उगाचच चांगला वाटतो.

उत्तर आलं की लगेच “अरे, ते मी मुद्दाम केलंय” असं समजावायला जाऊ नका. गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी बसून तुम्ही हे सांगू शकणार नाही. मत लिहून ठेवा, रात्र जाऊ द्या, सकाळी ताज्या कानांनी ऐका. एकाने सांगितलं तर तपासा. तिघांनी एकच जागा दाखवली, तर तिथे नक्की काहीतरी अडतंय.

गाडीतल्या त्या फजितीनंतर मामेभावाने कितीतरी दिवस मला काही पाठवलं नाही. मला ते टोचत होतं. शेवटी मीच फोन करून चूक कबूल केली. गेल्या आठवड्यात त्याचं नवं गाणं आलं, सोबत एक ओळ : “ताई, हेडफोन लाव. भाजी नंतर चिर.”

मी सुरी खाली ठेवली.