तीन गिटार विक, पण ही नको



गेल्या महिन्यात कार्यशाळा संपल्यावर एक मुलगा मागे थांबला होता. वय पंचवीस-सव्वीस. सहा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय, आता स्वतःचा क्लास काढायचाय. गाळा बघून ठेवलेला, डिपॉझिट ४०,००० रुपये, आणि घरी चार अकूस्टिक गिटार. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, तीन विकतो. कोणती ठेवू?"

मी म्हटलं, "तूच सांग." तो म्हणाला, "सगळ्यात महाग आहे ती. बाकीच्या काय, परत घेता येतील."

तुमच्यातल्या दहापैकी नऊ जणांनी हेच उत्तर दिलं असतं. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. आज त्याबद्दलच लिहितोय, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलोय.

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी मी चार वर्षं गिटारचा क्लास चालवायचो, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. माझ्याकडे एक यामाहा एफ-३१० होती. नवशिक्यांना दुकानदार जी दाखवतो, तीच. प्लायवूडचा टॉप, नाव काढण्यासारखं काही नाही. २०११ मध्ये गाळ्याचं भाडं थकलं आणि मी ती ४,५०० रुपयांना विकली. मनात हिशोब असा की साधी गिटार आहे, दोन महिन्यांत नवी घेऊ. पुढचे तीन आठवडे मी विद्यार्थ्यांचीच गिटार मागून शिकवत होतो. एके दिवशी एका मुलीची आई दारात चपला घालता घालता दुसरीला म्हणाली, "गिटारचा क्लास आहे, आणि सरांकडे गिटार नाही?" त्या महिन्यात पाच प्रवेश गेले. पाचाची फी मोजली तर गिटारच्या किमतीपेक्षा जास्त भरली. नंतर मी तिच्या चौपट किमतीची गिटार घेतली, पण तिची नेक जाड होती, बार कॉर्ड धरून दिवसभर शिकवलं की अंगठा भरून यायचा. हाताला बसलेली वस्तू गेली की कामाचा वेग जातो. तो कुठल्या वहीत लिहिलेला नसतो, म्हणून विकताना आपण तो मोजत नाही.

आता एक अमेरिकेतलं उदाहरण देतो, कारण या विषयात याच्याइतकं चांगलं मला दुसरं सापडलेलं नाही. विली नेल्सन हा कंट्री म्युझिकमधला मोठा गायक. १९६९ मध्ये त्याची आधीची गिटार मोडली. नॅशव्हिलच्या दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, ही होणार नाही, पण माझ्याकडे मार्टिन कंपनीची एक एन-२० आहे. नेल्सनने ती न बघता ७५० डॉलरला घेतली, आणि जुन्या गिटारचा पिकअप तिच्यात बसवून घेतला. रॉय रॉजर्सच्या घोड्यावरून तिचं नाव ठेवलं ट्रिगर.

गंमत बघा. ही नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. ती बोटांनी वाजवायची असते, म्हणून टॉपवर पिकचे ओरखडे अडवायला पट्टीही नसते. हा गडी पिकनेच वाजवत राहिला. घासून घासून साउंडहोलच्या खाली लाकडाला भोक पडलं! कुठल्याही पुस्तकाप्रमाणे ही त्याच्या कामासाठी चुकीची गिटार. पण त्याला हवा असलेला आवाज तिच्यातच सापडला, आणि पन्नासहून जास्त वर्षं तो तीच वाजवतोय. ऑस्टिनमधला एक कारागीर नेमाने तिची देखभाल करतो, आतले आधार बळकट करतो.

आता उद्योजकाने कान देऊन ऐकायचा भाग. १९९० मध्ये अमेरिकेच्या कर खात्याने १ कोटी ६७ लाख डॉलरच्या थकबाकीपोटी नेल्सनची मालमत्ता जप्त केली. घर, स्टुडिओ, सगळं. त्याने एकच वस्तू आधी हलवली होती: मुलीकरवी ट्रिगर हवाईला मागवून घेतली. बाकी गेलं तर परत उभं करता येईल, पण ती लिलावात गेली तर कशाने उभं करणार? १९९१ मध्ये त्याने नुसता आपला आवाज आणि गिटार असलेला अल्बम काढला, त्याचे पैसे कर फेडण्याकडे वळवले, आणि १९९३ मध्ये प्रकरण मिटलं.

(जप्तीच्या आधी माल हलवा, हे मी शिकवत नाहीये. व्हिडिओ अर्धवट बघून तसं करणारे निघतात, म्हणून स्पष्ट सांगतो. कायद्याचं पुढे बोलूच.)

कोणी म्हणेल, भावनेची गोष्ट आहे ही. नाही. एरिक क्लॅप्टनने १९९२ च्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात वाजवलेली १९३९ ची मार्टिन २००४ मध्ये स्वतःच लिलावाला काढली, व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी. ७,९१,५०० डॉलर आले. जगाच्या नजरेत ती अमूल्य होती, पण तिच्यावाचून त्याचं काम अडणार नव्हतं. प्रसिद्धी, किंमत, आठवणी यांवरून "कधीच विकणार नाही" असं ठरवायचं नसतं. काय अडेल यावरून ठरवायचं.

मग त्या मुलाला मी काय विचारलं? "रात्री अकरा वाजता नवीन गाणं बसवायचं असेल तर हात कुठल्या गिटारकडे जातो?" तो हसला. म्हणाला, "ती जुनी, भिंतीवरची." महागडी केसमध्ये असते. स्प्रूसचा सॉलिड टॉप, मागे शिसव. वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघते, लग्नाच्या कार्यक्रमाला.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, क्लासवाल्यांना उपयोगी पडेल. सॉलिड टॉपचा आवाज चांगला, यात वाद नाही. पण ते लाकूड हवा पितं. साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता त्याला मानवते. आपल्याकडचा जुलै आठवा. टॉप फुगतो, ब्रिज वर येतो, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात, आणि उन्हाळ्यात तेच लाकूड सुकून चिरायची भीती. ज्या क्लासमध्ये दार दिवसभर उघडं आणि एसी नाही, तिथे रोजच्या कामाला लॅमिनेटेड टॉपची गिटार जास्त टिकते. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्याचा फायदा महागड्या गिटारमध्ये आहे. रेकॉर्डिंग करणार असाल तर माझं हे मत बदलेल. शिकवणार असाल तर नाही.

आणि ठेवायची ती नीट तपासून ठेवा. बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेचा हार्मोनिक वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. सगळ्याच तारांवर फरक येत असेल तर नेक आणि ब्रिज कारागिराला दाखवा. तारेची उंची तिथे दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असली की बोटांना त्रास होत नाही. फ्रेट झिजले असतील तर घाबरू नका, ते बदलता येतात. नेकला पीळ पडला असेल तर मात्र विचार करा. ती दुरुस्ती महागात जाते आणि गिटार मूळपदावर येईलच असं नाही.

आता कायद्याचं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये एक यादी आहे. कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोणत्या वस्तू जप्त करता येत नाहीत, त्याची. कारागिराची अवजारं त्या यादीत आहेत, शेतकऱ्याची शेतीची अवजारंही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच कायद्याला कळलं होतं की माणसाचं हत्यार काढून घेतलं तर तो कर्ज फेडणार कुठून! गिटार शिकवणारा या अर्थाने कारागीर धरला जाईल का, ते वकिलाला विचारा. पण एक लक्षात घ्या. हे संरक्षण तुम्ही स्वतः सही करून तारण दिलेल्या वस्तूला मिळेल असं समजू नका. बँकेच्या कागदावर मशीनचं, सामानाचं हायपोथिकेशन असतं, ती यादी आपण वाचतच नाही. मॅनेजर बोट ठेवेल तिथे सही. कर्जातून घेतलेली वस्तू तारणात जाणारच, ते बरोबर आहे. पण आधीपासून तुमची असलेली, जिच्यावर तुमचा रोजचा धंदा चालतो, ती एक वस्तू त्या यादीत शिरली आहे का, हे सही करण्याआधी वाचा. शिलाईवाल्या ताईंचं ते जुनं मशीन असेल, फोटोग्राफरची एखादी लेन्स असेल. सोनाराकडे गहाण, मित्राला उसनी, हेही त्यातच आलं.

त्या मुलाने शेवटी महागडी गिटार विकली. २२,००० आले, त्याला तीस मिळतील असं वाटत होतं. बाकीच्या दोन मिळून ११,००० ला गेल्या. म्हणजे डिपॉझिटला अजून ७,००० कमी. परवा फोन आला, "सर, आता जुनीसुद्धा काढू का? पाच-सहा हजार येतील." मी म्हटलं, गाळामालकाशी बोल, उरलेले दोन हप्त्यांत देतो म्हण. मालक तयार झाला, फक्त पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ मागितलं. भिंतीवरची गिटार सध्या फ्रेट बदलायला दिली आहे, दसऱ्याच्या आधी मिळेल. क्लास दसऱ्यालाच सुरू करतोय. आतापर्यंत चार मुलांची नावं आलीत.