सही एकाची, सत्ता दुसऱ्याची

श्रवणतपासणीच्या अहवालाखालची सही ही वरवर पाहता कारकुनी बाब वाटते. परंतु तिच्यावर काय अवलंबून असते हे पाहिले म्हणजे तिचे सामाजिक मोल ध्यानात येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने श्रवणदोषाची व्याख्या डेसिबलांत केली आणि दोन्ही कानांत 70 डेसिबल श्रवणहानी असलेल्या व्यक्तीस कर्णबधिर मानले. त्याच कायद्याने शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान 4 टक्के जागा राखून ठेवल्या. प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकारी देतो. त्याचा आधार मात्र श्रवणतज्ज्ञाचा अहवाल असतो. आलेखावरील पाच-दहा डेसिबलांच्या फरकाने एखाद्या घरचा चरितार्थ ठरू शकतो.

ही सही नेमके काय सांगते? खोली शांत होती, यंत्राचे प्रमाणीकरण झाले होते, एका कानाची तपासणी चालू असता दुसरा कान उत्तर देत नव्हता, आणि रुग्णाच्या प्रतिसादांत सुसंगती होती, असे ती सांगते. शिकाऊ विद्यार्थ्याने तपासणी केली असेल, तर आपण तिच्यावर देखरेख केली, असेही ती सांगते. ज्याने रुग्ण पाहिलाच नाही, त्याला यांपैकी काहीही ठाऊक नसते. त्याची सही ही साक्ष नव्हे. तो केवळ शिक्का होय.

1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने कायदेशीर प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत व्यावसायिकापुरताच ठेवला. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही त्यात लिहिली. परंतु सही करणारा नोंदणीकृत असला म्हणजे सही खरी झाली, असे होत नाही. 2024 साली महाराष्ट्रात दिव्यांग प्रमाणपत्रांच्या खरेपणावरून मोठे वादळ उठले. अशा प्रत्येक वादानंतर संशयाची नजर वळते ती खऱ्या दिव्यांगाकडे, आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते तेही त्यालाच.

तथापि सगळा दोष सही करणाऱ्याच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. जेथे श्रवणयंत्र विकणाराच कान तपासतो, तेथे निदानाचा आणि नफ्याचा मालक एकच असतो. ‘मोफत तपासणी’ची किंमत यंत्राच्या बिलात वसूल होते. अशा दुकानात किंवा कंत्राटी पदावर काम करणाऱ्या तरुण श्रवणतज्ज्ञापुढे न पाहिलेल्या रुग्णांचे अहवाल सहीसाठी ठेवले गेले, तर नकाराची किंमत म्हणजे नोकरी. सही तिची, सत्ता मालकाची. जबाबदारी आणि अधिकार यांची अशी फारकत झाली की व्यावसायिक नीती हा केवळ उपदेश उरतो.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. न तपासता सही करणाऱ्याची गय होता कामा नये. आणि सही नाकारणाऱ्याला नोकरीचे संरक्षण मिळाले पाहिजे. अहवालावर तपासणाऱ्याचे व देखरेख करणाऱ्याचे नाव वेगवेगळे नोंदवले जावे. तपासणी आणि विक्री यांची फारकत व्हावी. ती होण्यासाठी जिल्हा रुग्णालयांत श्रवणतज्ज्ञांची कायम पदे हवीत. अन्यथा गरिबाला दुकानाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या तालुक्यात हे अहवाल कोण तयार करतो आणि त्यांवर कोण सही करतो, याची चौकशी कार्यकर्त्यांनी अवश्य करावी. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या वतीने एवढा प्रश्न विचारणे हे चळवळीचेच काम आहे.