सूर वाचता आले पाहिजेत!

हातात मावेल एवढी एक पेटी असते. बाजूला फिरवायची छोटी दांडी, आत कंगव्यासारखे पोलादी दात. मूल जाड कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडते, ती पट्टी पेटीत सरकवते आणि दांडी फिरवते. भोक जिथे येते तिथे आतले चाक एक दात छेडते आणि सूर निघतो. वरच्या रेषेवर भोक पाडले तर सूर उंच, खालच्या रेषेवर पाडले तर खर्जाचा. दोन भोकांमधले अंतर वाढवले की सुरांमधला वेळ वाढतो. कोणी व्याख्या पाठ करून घेत नाही, कोणी छडी उगारत नाही. आठ-दहा दिवसांत मुलाला एवढे कळते, की कागदावर वरखाली म्हणजे सुराची उंची आणि डावीकडून उजवीकडे म्हणजे काळ. सुरांची लिपी म्हणजे मुळात एवढेच.

हे खेळणे आज शहरांतल्या खासगी शाळांत आणि सुखवस्तू घरांत दिसते. आपल्या वस्तीतल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या मुलांच्या हाती ते का नाही, असे विचारले तर काही जण हसतील. पोटाला भाकरी नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि याला खेळणी सुचतात, असे म्हणतील. त्यांना उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख लिहीत आहे. हा प्रश्न दिसतो खेळण्याचा, पण आहे तो लिपीचा. लिपी कोणाच्या हाती असते, यावर या देशात काय काय ठरले, हे फुले-आंबेडकरी वाचकाला वेगळे सांगायला नको.

आधी जगाचा अनुभव पाहू. मुलांना खेळातून स्वरलिपी शिकवण्याची कल्पना नवी नाही. एडिंबरोच्या अ‍ॅन यंग या बाईंनी १८०१ साली फासे, सोंगट्या आणि खुंट्या असलेल्या संगीताच्या खेळपेटीचे पेटंट घेतले. त्यानंतर इंग्लंडमधील नॉर्विच गावच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने तर क्रांतीच केली. पाच रेषांची अवघड लिपी गरिबांच्या मुलांना जड जाते, हे ओळखून तिने सुरांना साध्या अक्षरांची नावे दिली आणि भिंतीवर सुरांची शिडी टांगली. काचेच्या पट्ट्यांचे एक वाद्यही तिने तयार केले. त्याला फिरता रूळ होता, त्यावर स्वरांची नावे लिहिलेली होती. रूळ फिरवला की ‘सा’ची जागा बदलायची आणि बाकीचे स्वर आपोआप आपापल्या जागी यायचे. हीच पद्धत पुढे जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने हाती घेतली. १८४१ साली त्याच्यावर रविवारच्या शाळांसाठी गाणे शिकवण्याची सोपी रीत शोधण्याची जबाबदारी आली होती. त्याने ती गिरणी कामगार, खाण कामगार आणि त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचवली. विद्वान संगीतकारांनी नाके मुरडली. गरिबांची लिपी म्हणून तिला हिणवले. पण ती गरिबांच्या कामाला आली.

किती कामाला आली? याच अक्षरलिपीच्या जोरावर मिशन शाळेतल्या एनॉक सोंटोंगा या कृष्णवर्णीय शिक्षकाने १८९७ साली दक्षिण आफ्रिकेत एक प्रार्थनागीत रचले. तो १९०५ साली वारला. गाणे मात्र मेले नाही, कारण ते सुरांसकट कागदावर होते. वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात ते लाखो कंठांतून गायले गेले आणि आज ते त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. एका साध्या शाळामास्तरचे गाणे राष्ट्राचे झाले. गोरगरिबांच्या मुलांसाठी तयार झालेल्या सोप्या लिपीचा हा पराक्रम आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे सूर लिहून ठेवण्याचे आधुनिक काम बडोद्यात मौलाबक्ष यांनी केले. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली त्यांच्या हाती संगीतशाळा दिली. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे हेच सयाजीराव. पुढे विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वि. ना. भातखंडे यांनी घराण्याघराण्यांत कोंडलेल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून छापल्या. भातखंडे लिपी अगदी सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. मराठी बाराखडी येणाऱ्या मुलाला ती महिनाभरात वाचता यावी.

या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. ज्याने बंद कुलूप उघडले त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण कागदावर आले ते ‘शास्त्र’ झाले आणि जे आले नाही ते ‘लोकसंगीत’ म्हणून खालच्या पायरीवर बसवले गेले, हे तरी कसे नाकारायचे? तबल्याच्या बोलांची पुस्तके झाली, परीक्षा झाल्या, पदव्या झाल्या. हलगीच्या बोलांची किती पुस्तके झाली? हलगी वाजवणाऱ्याला काय कमी लय कळत होती? त्याच्या बोटांत आणि काडीत जी लय आहे तिचे गणित मोठमोठ्या वादकांना घाम फोडते. पण त्याची विद्या त्याच्या देहाबरोबर जळाली, कारण त्याला लिहायला बंदी होती आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना ती लिहिण्यासारखी वाटली नाही.

आमचा अहिल्यानगर जिल्हा, कालपर्यंतचा अहमदनगर, या बाबतीत बोलका आहे. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून आहे. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा याच गावात होती. ती पाहून जोतीराव प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण फॅरारबाईंकडेच घेतले. म्हणजे अक्षरलिपीचे कुलूप बहुजन स्त्रीसाठी उघडले त्यात या गावाचा वाटा आहे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा याच जिल्ह्यातली. महाराच्या पोटी जन्मलेल्या या बाईने पठ्ठे बापूरावांच्या जोडीने तमाशाचा फड गाजवला. बापूराव जन्माने ब्राह्मण, लिहिते होते. लावणीचे शब्द छापता येतात. गाणारीच्या गळ्यातल्या जागा छापायच्या तर स्वरलिपी लागते आणि ती तिच्या हाती कोण देणार होते? आजही पवळाचे नाव बहुधा बापूरावांच्या नावामागूनच घेतले जाते.

अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार याच मातीतले. त्यांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली महाराष्ट्राला सांगितले की गावकीची कामे म्हणजे काय. वाजंत्री हेही त्याच गावकीचे एक काम होते. गावच्या देवापुढे वाजवायचे, पण देवळाच्या आत जायचे नाही. लग्नात वाजवायचे आणि जेवणाच्या पंगतीपासून दूर बसायचे. म्हणून बाबासाहेबांच्या हाकेनंतर आपल्या बापजाद्यांनी मेलेली गुरे ओढणे सोडले तसे हे वाजवणेही सोडले. ते त्यांनी योग्यच केले. ते वाद्य नव्हते, गळ्यात अडकवलेले जोखड होते.

पण जोखड टाकताना त्याबरोबर एक विद्याही गेली, याचा विचार आता झाला पाहिजे. जातीने लादलेले वादन आणि विद्या म्हणून शिकलेले संगीत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात शिक्षक ठेवून व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्या महामानवाने गावकीचे वाजवणे सोडायला सांगितले, त्यानेच हाती व्हायोलिन घेतले. यात विसंगती नाही. सक्तीचे वाजवणे गुलामीचे, शिकून वाजवणे माणूसपणाचे. या दोहोंच्या मधला पूल म्हणजे सुरांची साक्षरता.

चळवळीचा इतिहास तर गाण्यानेच भरलेला आहे. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची हजारो गीते. वामनदादांना अक्षरओळखही तरुणपणी झाली आणि त्या माणसाने आयुष्यभर समाजाला गाते ठेवले. २००४ साली ते गेले. त्यांच्या गीतांचे शब्द पुस्तकांत आले. पण प्रत्येक गीताची मूळ चाल कोणती, हे उद्याच्या पिढीला कोण सांगणार? जुने गायक एकेक करून चालले आहेत. ध्वनिमुद्रणे आहेत, पण त्यांत ज्याचा आवाज पोहोचला तोच उरला. खेड्यापाड्यातल्या शेकडो गायनपार्ट्यांच्या चाली आज फक्त माणसांच्या स्मरणात आहेत.

आणि गाणे ही आपल्यासाठी करमणूक कधीच नव्हती. याच जिल्ह्यात, शिर्डीत, २०१५ च्या मे महिन्यात एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, हे त्याला निमित्त झाले. त्या बातमीने देश हादरला. आपल्या गाण्याची ताकद आपल्यापेक्षा जातीयवाद्यांना अधिक कळते, असेच म्हणायचे का? ज्या गाण्यासाठी जीव गेला, ते गाणे वाचता-लिहिता येणारी दहा मुले तरी आपण प्रत्येक वस्तीत तयार केली आहेत का? जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात, छाती दडपणारा आवाज होतो, एका रात्रीत लाखाचा चुराडा होतो. दुसऱ्या दिवशी वस्तीत काय उरते? एक पेटी, एक पुस्तक, सूर ओळखणारे एक मूलही उरत नाही.

काही मित्र म्हणतील, आपले संगीत कानाचे आहे, कागदाने ते मरते. मींड, गमक, गळ्यातली हरकत कागदावर उतरत नाही, हे खरेच आहे. पण बोलण्यातला हेलही अक्षरात उतरत नाही, म्हणून आपण अक्षरे नाकारली का? ‘तुम्हाला लिपीची गरज काय, तुमचे तोंडीच छान आहे’ हा उपदेश आपल्याला यापूर्वीही झालेला आहे. तो करणाऱ्यांच्या घरात पोथ्या होत्या.

प्रश्न पैशाचा असेल तर त्यालाही उत्तर आहे. मारिया मॉन्टेसरींच्या शिक्षणपद्धतीत घंटांचा एक संच असतो. आकाराने सारख्या, सुराने वेगळ्या. मूल कानाने जोड्या जुळवते आणि मग रेषा आखलेल्या हिरव्या फळीवर चकत्या ठेवून तोच सूर ‘लिहिते’. मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि त्यांची पद्धत इथे रुजली. पण तो संच महाग. म्हणून तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी आजूबाजूच्या साध्या वस्तूंतून साधने उभी केली. अरविंद गुप्तांनी पुण्यात टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. शीतपेयाच्या नळीचे टोक कापून पिपाणी करायची, वाजवता वाजवता कात्रीने ती आखूड करत जायची. सूर चढत जातो, आणि मुलाला लांबी आणि सूर यांचे नाते कायमचे कळते.

आपल्या नागापूरच्या एमआयडीसीत आपलीच शेकडो पोरे लेथवर आणि वेल्डिंगवर राबतात. त्यांच्यासाठी हिशोब देतो. भंगारातला एकाच जाडीचा पोलादी पाइप घ्या. ३० सेंटिमीटरचा तुकडा ‘सा’ धरला, तर रे २८.३, ग २६.८, म २६, प २४.५, ध २३.२, नी २१.९ आणि वरचा सा २१.२ सेंटिमीटर. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर भोक पाडून दोरीने टांगा, म्हणजे नाद दबत नाही. सूर थोडा उतरला तर टोक कानशीने घासा, तो चढेल. खाली शिडीसारखी फळी, तिच्यावर भातखंडे लिपीतली अक्षरे. झाले खेळणे तयार! विज्ञान, गणित आणि संगीत तिन्ही एका फळीवर.

मागण्या साध्या आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० खेळातून शिक्षणाची आणि कलाशिक्षणाची भाषा करते. ती खरी असेल तर जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत आणि समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात असा संच आणि तो वापरायला शिकलेला शिक्षक द्यावा. बुद्धविहारांनी रविवारच्या वंदनेनंतर तासभर मुलामुलींचा सूरवाचनाचा वर्ग घ्यावा. जयंती समित्यांनी वर्गणीचा दहावा हिस्सा याकरिता बाजूला काढावा. आणि जे शिकतील त्यांनी आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या गायकांकडे, हलगीवाल्यांकडे वही घेऊन बसावे, त्यांच्या चाली आणि बोल उतरवून घ्यावेत, वर त्यांचे नाव घालावे. एक अट मात्र हवी. आपल्या मुलाला हलगी आणि वरच्या आळीच्या मुलाला कीबोर्ड, अशी वाटणी कोणत्याही शाळेत होता कामा नये. सगळी वाद्ये सगळ्या मुलांची.

‘शिका’ हा आदेश बाबासाहेबांनी दिला तेव्हा त्यात कोणती लिपी शिकायची आणि कोणती नाही, अशी यादी जोडली नव्हती. अक्षर आपल्या हाती आले तेव्हा आपण संविधानापर्यंत पोहोचलो. सूर वाचता-लिहिता आले तर आपले गाणे दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर जगणार नाही. येत्या जयंतीला डीजेची वर्गणी मागायला कोणी दारात आले, तर त्याला हा हिशोब आधी विचारा.

जयभीम!