केळकरांचे आयर्लंड आणि आपले

मराठी वाचकाला आयर्लंडची ओळख करून देण्याचे काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकदा झालेले आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांचा 'आयर्लंडचा इतिहास' १९०९ साली प्रसिद्ध झाला. टिळक तेव्हा मंडालेला होते आणि राजद्रोहाच्या कलमाची टांगती तलवार प्रत्येक मराठी संपादकाच्या डोक्यावर होती. स्वदेशाविषयी जे उघडपणे लिहिता येत नसे ते परदेशाच्या इतिहासातून सुचवावे, ही त्या पिढीची रीतच होती. सावरकरांचे मॅझिनीचरित्र आणि खुद्द केळकरांचेच गॅरिबाल्डीचरित्र त्याच वळणाचे. तेव्हा केळकरांचे आयर्लंड हे प्रथमतः राजकीय आयर्लंड असणार हे ओघानेच आले. इंग्रजांच्या अमलाखालचा, आकाराने लहान पण हट्टाने मोठा देश आपल्यापुढे काही वाट चालून गेला आहे, त्याच्या वाटचालीचा अभ्यास आपल्याला उपयोगी पडेल, अशी ती दृष्टी होती.

त्या दृष्टीचे फळही मिळाले. 'होमरूल' हा शब्दच आयरिश राजकारणातून आपल्याकडे आला. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, आणि गंमत अशी की त्याच महिन्यात, २४ एप्रिलला, डब्लिनच्या टपाल कचेरीवर बंडखोरांनी प्रजासत्ताकाचा झेंडा उभारला. म्हणजे ज्या मागणीचे नाव आपण उसने घेत होतो तिच्यावरचा विश्वास त्या मागणीच्या जन्मभूमीतच काही तरुण उघडपणे मोडीत काढत होते. आयरिश होमरूलचा कायदा १९१४ साली मंजूर होऊन महायुद्धाच्या सबबीवर गोठवला गेला होता, हे ध्यानी घेतले की त्या अविश्वासाचा उलगडा होतो.

केळकरांच्या ग्रंथानंतर बारा वर्षांनी, १९२१ मध्ये, आयर्लंडची फाळणी झाली. त्यानंतर सव्वीस वर्षांनी आपली. त्यांनी लिहिले तेव्हा दोन्ही देश अखंड होते. आपण मात्र फाळणीच्या अलीकडच्या काठावर उभे राहून वाचतो, आणि उल्हासनगरात राहणाऱ्या-शिकवणाऱ्याला तर तो काठ रोजच पायाखाली असतो. पण फाळणीच्या या साम्यावर फार वेळ घालवू नये असे मला वाटते. ते साम्य चटकन दिसते, आणि चटकन दिसणारी साम्ये बहुधा उथळ असतात. शिवाय 'ते आणि आपण सारखेच पीडित' या भावुकतेला एक साधी आठवण पुरेशी आहे : जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला आणि डायरच्या कृत्याला पाठिंबा देणारा मायकेल ओड्वायर हा टिपररी परगण्यातला आयरिश मनुष्य होता. आयर्लंडने साम्राज्याचे बळी पुरवले तसे साम्राज्याचे चाकरही पुरवले.

केळकरांच्या नंतर काय झाले? राजकीय आयर्लंड मराठीतून ओसरले आणि त्याच्या जागी दुसरे आयर्लंड न आले, असे म्हणावे तर आपली रंगभूमी ते खोटे ठरवते. देवलांच्या 'संशयकल्लोळा'चा सांगाडा आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग'चा. त्याची मुळे मोलिएरपर्यंत जातात हे प्राध्यापक आवर्जून सांगतात, पण मर्फी रॉसकॉमनमध्ये जन्मलेला आयरिश होता हे सहसा कोणी सांगत नाही. शिरवाडकरांच्या 'दूरचे दिवे'मागे ऑस्कर वाइल्ड आहे, पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मागे शॉ, आणि दोघेही डब्लिनचे. तिघांनाही आपण 'इंग्रजी नाटककार' या एकाच पाटीखाली बसवले. येट्स, जॉइस आणि बेकेट हेही इंग्रजी विभागाच्या वर्गात त्याच बाकावर बसतात. बेकेटने 'गोदो' आधी फ्रेंचमध्ये लिहिले ही गोष्ट मग विक्षिप्तपणाच्या सदरात जमा होते. परकी भाषा कमावून तिच्यात लिहिणाऱ्याला दुसरी परकी भाषा घ्यायला फारसे काही वाटत नसावे, हा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही.

या पाटीने काय झाकले जाते ते 'फुलराणी'वरून पाहता येईल. शॉ विसाव्या वर्षी लंडनला आला तो बाहेरचा म्हणून. इंग्रज माणूस तोंड उघडताच दुसरा इंग्रज त्याची पायरी ठरवतो, हे त्याला ऐकू आले ते त्याचा कान त्या पायऱ्यांत वाढलेला नव्हता म्हणून. मंजुळा साळुंके आणि प्रोफेसर जहागीरदार यांच्यातला झगडा मराठीत इतका सहज रुजला, कारण प्रमाणभाषेची पायरी आपल्याकडेही तितकीच निसरडी आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांतून येणारी आगरी, कुणबी घरांतली मुले वर्गात बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा घोळवतात, हे आम्ही मराठी शिकवणारे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ती नाटक पाहताना हसतात, पण कुठे थबकतात तेही पाहावे.

आज मराठी वाचकाला आयर्लंडची नव्याने ओळख करून द्यायची तर ती कुठून सुरू करावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. होमरूलपासून नको, संत पॅट्रिकपासून नको, दारूचे गुत्ते आणि फिडलवादन यांच्यापासून तर नकोच. ती एका काठीपासून सुरू व्हावी.

ही काठी म्हणजे मुलाच्या गळ्यात दोरीने अडकवलेला एक छोटा लाकडी तुकडा. मूल आयरिश बोलले की तिच्यावर एक खाच पडे. खाचा ठरावीक संख्येला पोचल्या की शाळेत मास्तर शिक्षा करी. १८३१ पासून सरकारी 'नॅशनल' शाळा निघाल्या आणि तिथे आयरिशला जागा नव्हती. इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. जुलमी राज्यकर्ता आणि गरीब प्रजा. पण १८५२ च्या एका पुस्तकात विल्यम वाइल्ड या डॉक्टरने पश्चिम आयर्लंडमधल्या एका झोपडीतला प्रसंग नोंदवून ठेवला आहे. आठेक वर्षांचा मुलगा बहिणीशी आयरिशमध्ये काही बोलला, बापाची नजर पडताच दचकला. बापाने त्याला जवळ बोलावले, एक शब्दही न उच्चारता त्याच्या कपड्यांतून ती काठी बाहेर काढली आणि चाकूने तिच्यावर आणखी एक खाच पाडली. तुझे आपल्या भाषेवर प्रेम नाही का, असे विचारल्यावर प्रेम आहे असेच तो म्हणाला. पण पोरांनी शिकायला हवे, आणि शाळेत आयरिश शिकवत नाहीत. (हा विल्यम वाइल्ड म्हणजे ऑस्करचा बाप.)

या प्रसंगात खलनायक सापडत नाही, हेच त्याचे भय आहे. खाच पाडणारा हात बापाचा आहे आणि तो मायेने पाडतो आहे. त्या भोवतीचा काळही लक्षात घ्यावा. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजत गेले. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. मृत्यू सर्वांत जास्त झाले ते आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिमेत. अशा वेळी इंग्रजी ही बोट पकडण्याची भाषा होती आणि आयरिश ही मागे राहून मरण्याची. त्या बापाला दोष देणारा मी कोण?

यानंतरचा इतिहास आपल्याला आज अधिक लागू आहे. १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलिक लीग स्थापन केली. हाच हाइड पुढे १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली, शाळांत ती सक्तीची होती, २००७ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. आणि २०२२ च्या जनगणनेत एक्कावन्न लाखांहून अधिक वस्तीच्या देशात शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे किती निघाले? सुमारे ७२ हजार. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटण्यात मीही होतो आणि त्याचे मला दुःख नाही. परंतु दर्जा राज्य देते आणि भाषा घर बदलते, या दोन क्रियांचा एकमेकींशी किती कमी संबंध असू शकतो ते पाहायला आयर्लंडसारखी दुसरी जागा नाही.

इतके लांब जायलाही नको, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना लोक आजही कॅम्पचा आकडा सांगतात. आयरिशांची भूमी राहिली आणि भाषा गेली. सिंध्यांची भूमी एका रात्रीत गेली आणि भाषा तेवढी बरोबर आली. तिला लिहावे अरबी वळणाच्या लिपीत की देवनागरीत, यावर दशकानुदशके वाद झाला. १९६७ मध्ये ती आठव्या परिशिष्टात आली. दरम्यान आजी नातवाशी सिंधीत बोलत राहिली आणि नातू हिंदीत उत्तर देत राहिला. कोणी कोणाच्या गळ्यात काठी अडकवली नव्हती. आम्हा शेजारी मराठी माणसांना तर ती भाषा कधी ऐकूच आली नाही. आम्ही पापड ऐकले, व्यापार ऐकला, 'मेड इन यूएसए'चा विनोद ऐकला. बदलापूरच्या नव्या इमारतींत राहणारे मराठी आईबाप आता नेमके त्याच मायेने, त्याच हिशोबाने मराठी शाळेपुढून मुलाचा हात धरून पुढे जातात.

म्हणून आयर्लंडला मराठी एम. ए.च्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासात जागा हवी असे मी म्हणतो, आणि तीही ब्रायन फ्रीलच्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकाला. १९८० मध्ये डेरी शहरात ते प्रथम झाले. काळ १८३३, जागा डॉनेगालमधले एक खेडे, आणि तिथली गावठी शाळा, जिथे शेतकऱ्यांची पोरे लॅटिन-ग्रीक शिकतात पण इंग्रजी नाही. इंग्रज सैनिक नकाशे काढायला येतात आणि गावांची नावे इंग्रजी करत सुटतात. गावातली मॉइरे नावाची मुलगी स्वतःच इंग्रजी शिकवा म्हणून मागणी करते. तिला अमेरिकेला जायचे आहे. नाटकातली खरी किमया अशी की रंगमंचावर सगळे इंग्रजीच बोलतात, पण गावकऱ्यांचे इंग्रजी हे 'आयरिश' आहे असे आपण मानायचे. त्यामुळे प्रेक्षकाला दोघांचेही बोलणे कळते आणि त्यांना एकमेकांचे कळत नाही.

हे नाटक मराठीत आणायचे तर गावकऱ्यांनी कोणती मराठी बोलावी? प्रमाण मराठी त्यांच्या तोंडी घातली तर सैनिकांनी काय बोलावे? गावकऱ्यांना आगरी दिली तर प्रमाण मराठी आपोआप सैनिकांच्या, म्हणजे नकाशावाल्यांच्या वाट्याला जाते, आणि ते मराठीच्या प्राध्यापकाला मानवेल का? एखाद्या मुलाने गावकऱ्यांना सिंधी द्यावी असे सुचवले तर आमच्यापैकी किती जणांना पहिला अंक समजेल? ट्यूटोरियलला हाच प्रश्न द्यावा, आणि उत्तरे आगरी घरांतल्या व सिंधी घरांतल्या मुलांकडून आधी मागावीत.