आगोटीच्या यादीत रेडिओ

मे महिना अर्धा सरला की कोकणात आगोटीची घाई सुरू होते. घर शाकारून घ्यायचं, लाकूडफाटा पडवीत रचायचा, सोडे-सुकट-बोंबलांना ऊन दाखवून डबे भरायचे, मीठ-मिरची-कडधान्य पावसाळाभर पुरेल एवढं आणून टाकायचं. गेल्या काही वर्षांत या यादीत टॉर्च आली, पॉवर बँक आली. रेडिओ अजून आलेला नाही. तो यायला हवा असं मला फार वाटतं, आणि कोणता घ्यावा हे बरेच जण विचारतात, म्हणून आजचं सदर त्यावर.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब ओळीनं आडवे झाले, माडा-पोफळींच्या बागा झोपल्या. वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइलचे टॉवरही गेले. टॉवरची बॅटरी काही तास तग धरते, पुढे जनरेटरला डिझेल लागतं, आणि डिझेल पोचवायचं तर रस्त्यावरची झाडं आधी तोडावी लागतात. काही गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे गेले. वर करोनाची टाळेबंदी. त्या दिवसांत आमच्या दापोली तालुक्यात बातमी माणसांच्या पायांनी चालत यायची आणि चालता चालता बदलायची. पत्रे कुठे वाटतात, रॉकेल कुठे मिळेल, आणखी एक वादळ येतंय म्हणतात ते खरं का, याचं उत्तर दर वाडीत वेगळं मिळे. आमच्या वाडीतल्या तात्यांकडे जाड्या सेलांवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर होता. सकाळी ७.०५च्या मराठी बातम्यांना त्यांच्या ओट्यावर निम्मी वाडी जमायची. वादळ पुढे सरकून विरलं, मागे दुसरं नाही, हे आम्हाला तिथे खात्रीनं कळलं. दुसरं काही कळलं नसतं तरी चाललं असतं, एवढं ते एक वाक्य मोलाचं होतं.

पुराची गोष्ट आणखी नाजूक. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लोक माळ्यावर, गच्चीवर अडकून पडले होते आणि फोन लागत नव्हते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. नदीकाठच्या माणसाला अशा वेळी फार कमी गोष्टी कळायला हव्या असतात: पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, चढतंय की उतरतंय, वरच्या धरणातून विसर्ग वाढवणार आहेत का, कोणता रस्ता बंद आहे. हे आकडे वेळेवर कानावर पडले तर म्हशी सोडायच्या की नाही, म्हाताऱ्या माणसांना आत्ता हलवायचं की पहाटे, हे ठरवता येतं. नाहीतर ‘धरण फुटलं’ अशी कुणीतरी आरोळी ठोकतो आणि माणसं अंधारात धावत सुटतात.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, हा प्रश्न हमखास येतो. मोबाइलवरची धोक्याची सूचना चांगलीच आहे. २०२३मध्ये तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवत असेल. पण ती सूचना तुमच्या जवळच्या टॉवरवरून येते, आणि वादळात पहिला जातो तो जवळचा टॉवरच. रेडिओचा प्रक्षेपक शंभर किलोमीटर लांब, वादळाच्या वाटेबाहेर उभा असू शकतो आणि त्याचा आवाज तरी तुमच्या पडवीत येतो. पुष्कळ फोनांत एफएमची सोय असते, ती सुरू ठेवा असं केंद्र सरकारनं एप्रिल २०२३मध्ये फोन बनवणाऱ्यांना कळवलंही. पण तिला वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना होते. नव्या फोनांत अनेकदा त्या इअरफोनचं भोकच नसतं. ॲपवरचा रेडिओ तर इंटरनेटवर चालतो. इंटरनेट गेलं की तो मुका.

आता बाजारातलं बघू. ऑनलाइन ‘आणीबाणीचा रेडिओ’ शोधलात तर लाल-नारिंगी रंगाचे, फिरवायच्या दांड्याचे, डोक्यावर सौर पट्टी बसवलेले संच पुढे येतात. आत टॉर्च, भोंगा, मोबाइल चार्ज करायची सोय. आणि ठळक अक्षरांत ‘वेदर बँड’. हा वेदर बँड अमेरिकेतल्या सरकारी हवामान केंद्रांचा. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या सात जागांवर तिथे चोवीस तास हवामान सांगतात. आपल्याकडे त्या जागांवर तसं कोणी बोलत नाही. त्या बटणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दुसरी अडचण पटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे मीडियम वेव्हवरची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली आहेत: मुंबईचं ५५८ आणि १०४४, पुण्याचं ७९२, रत्नागिरीचं ११४३, सांगलीचं १२५१. हे आकडे जुन्या श्रोत्यांना पाठ असतील, आणि सगळ्यांना नवानं पुरा भाग जातो. अमेरिकेत हे अंतर दहाचं. तिकडच्या मुलानं किंवा भाच्यानं प्रेमानं पाठवलेला आकडे दाखवणारा संच १०४० वरून थेट १०५० वर उडी मारतो. १०४४ मधल्या मध्ये राहतं, कानावर पडतो तो घोगरा, चिरका आवाज. काही संचांत नऊ-दहा बदलायची कळ असते, कधी सेलच्या खणात दडवलेली, कधी एखादं बटण दाबून धरून करायची. ती आहे का, हे घेण्यापूर्वी बघा. जपानी बाजारातला संच असेल तर त्याचा एफएम ९५ मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो, मग पुण्याचं १०१ लागायचंच नाही. हातानं चक्र फिरवून काटा सरकवायच्या साध्या संचाला यातली एकही अडचण येत नाही. काळोखात, ओल्या हातानंही तो लावता येतो. ऐंशी वर्षांच्या आजींनाही तो शिकवावा लागत नाही. म्हणून माझं मत काट्याच्या संचाकडे झुकतं.

दांडा फिरवून चालणारा रेडिओ वाईट असतो असं मी म्हणणार नाही. मिनिटभर दांडा फिरवला की हळू आवाजात काही मिनिटं ऐकता येतं, सगळे सेल संपल्यावर तोही आधारच. अडचण आतल्या बॅटरीची आहे. दांडा आणि सौर पट्टी दोन्ही तिच्यातच वीज भरतात, आणि कपाटात दोन-तीन वर्षं न वापरता पडलेली ती छोटी बॅटरी बहुधा मरून गेलेली असते. मग दांडा फिरवत असेतो रेडिओ बोलतो आणि हात थांबला की गप्प होतो. सौर पट्टी तर हाताच्या दोन बोटांएवढी. स्वच्छ उन्हातच ती जेमतेम वीज देते. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि रेडिओची खरी गरज नेमकी त्या झाकोळलेल्या दिवसांत. राजस्थानात कदाचित उपयोग होईल. आमच्याकडे जुलैत कपडे वाळत नाहीत.

तेव्हा पहिली अट ही की संच सुट्या सेलांवर चालला पाहिजे, आणि ते सेल तुमच्या गावच्या किराणा दुकानात मिळाले पाहिजेत. पेन्सिल सेल सगळीकडे मिळतात. जाडा सेल अजून बऱ्याच दुकानांत असतो आणि टिकतो फार. लहान संच दोन-तीन पेन्सिल सेलांवर, आवाज बेताचा ठेवला तर, आठवडाभर रोज काही तास सहज चालतो. जाड्या सेलांवरचा त्याच्या कितीतरी पट. दांडा, यूएसबी, अंगची बॅटरी हे सगळं त्यावर जोडीला असेल तर असू द्या, पण निव्वळ त्यावर चालणारा संच घेऊ नका.

सेल आत ठेवून संच कपाटात टाकू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. स्वस्त सेल फुगतो, पाझरतो. वर्षभरानं झाकण उघडावं तर स्प्रिंगवर पांढरी-हिरवट भुकटी चढलेली असते, सेल खणाला चिकटून बसलेला असतो, उपटायला गेलं की पत्रीच हातात येते. भुकटी थोडी असेल तर लिंबाचा रस लावलेल्या चिंधीनं पुसून, कोरडं करून, बारीक पॉलिश पेपर फिरवला की काम होतं. पत्री खाल्ली गेली असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं, आणि ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारी माणसं आता तालुक्याच्या गावीसुद्धा शोधावी लागतात. अल्कलाइन सेल थोडे महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात. ते वेगळे, संचाशेजारी, झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि डब्यावर महिना-वर्ष लिहावं.

दुसरी अट, एफएमसोबत मीडियम वेव्ह हवं. हल्ली निव्वळ एफएमचे, ब्लूटूथचे छोटे डबे ‘रेडिओ’ म्हणून विकले जातात. एफएमची लहर तीनेक मीटरची, ती सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की अडते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या खोऱ्यांतल्या वाड्यांना याचा अनुभव आहे, वरच्या घरात खणखणीत लागतं, ओढ्याकाठच्या घरात नुसती खरखर. रत्नागिरीच्या ११४३ची लहर अडीचशे मीटरहून लांब. ती जमिनीला धरून डोंगराला वळसा घालत येते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून तर फारच छान पसरते. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत मीडियम वेव्ह इतकं चांगलं लागत आलं. रात्री ती आकाशातून परतून येते आणि दूरदूरची केंद्रं लागतात, एकमेकांत मिसळतातही. शॉर्टवेव्ह असलं तर बिघडत नाही, या कामाला त्याची गरज नाही.

मीडियम वेव्हचा अँटेना संचाच्या आत आडवा असतो, काळ्या फेराइटच्या कांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. वरची चकाकती काठी कितीही ओढलीत तरी मीडियम वेव्हला त्याचा फायदा नाही, ती एफएमची. मीडियम वेव्ह लावायचं तर अख्खा संच फिरवायचा. खिडकीत ठेवून सावकाश वळवत गेलं की एका जागी आवाज बुडतो, तिथून काटकोनात वळवला की उमलतो. ती दिशा लक्षात ठेवावी. घरातल्या एलईडी बल्बांनी, चार्जरांनी, इन्व्हर्टरनं मीडियम वेव्हवर भयंकर खरखर येते. दुकानदारानं ट्यूबलाइटखाली लावून दाखवलं आणि काही ऐकू आलं नाही, म्हणून ‘हल्ली मीडियम वेव्ह लागतच नाही’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढलेला असतो. गावभर वीज गेली की तीच खरखर नाहीशी होते. संकटाच्या रात्री रेडिओ रोजच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

२८ एप्रिल २०२५ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भरदुपारी वीज गेली. शहरंच्या शहरं थांबली, फोन बंद पडू लागले, तेव्हा लोकांनी सेलवरचे ट्रान्झिस्टर शोधून शोधून विकत घेतले आणि रस्त्यात एका संचाभोवती घोळके करून बातम्या ऐकल्या. श्रीमंत देशांची ही गत. स्वीडननं तर नोव्हेंबर २०२४मध्ये घरोघर पाठवलेल्या पुस्तिकेत सेलवर चालणारा रेडिओ जवळ ठेवा असं नागरिकांना सांगितलं आहे. आपल्या जिल्ह्यांच्या पावसाळी सूचनांतही तो ठळक हवा, नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकाच्या शेजारी.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. संच कितीही चांगला घेतला तरी समोरून कोणी बोललं पाहिजे. मीडियम वेव्हचे जुने प्रक्षेपक हळूहळू आवरते घेऊन एफएम वाढवायचं, अशी प्रसार भारतीची दिशा आहे. जानेवारी २०२३मध्ये मंजूर झालेल्या २,५३९ कोटींच्या योजनेतही एफएमचा विस्तार हा मोठा भाग आहे. सपाट मुलखात ते ठीक. सह्याद्रीच्या खोऱ्यांत आणि किनाऱ्यावर मीडियम वेव्हला पर्याय उभा राहिल्याशिवाय ते बंद होऊ नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आणि अतिवृष्टीच्या रात्री मुंबई-दिल्लीचा कार्यक्रम जोडून न देता, रत्नागिरीतून, सांगलीतून, तिथल्या नद्यांची आणि घाटांची नावं तोंडात बसलेला निवेदक दर तासाला बोलला पाहिजे. केंद्रात माणूस आणि जनरेटरला डिझेल, दोन्ही मे महिन्यातच तयार हवं.

हे मागायचं तर आपल्या घरी काय ऐकू येतं ते आधी माहीत हवं. या आठवड्यात एकदा संध्याकाळी आणि एकदा भरदुपारी घरातला मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. ज्या खोलीत किंवा माळ्यावर पुरात बसायची वेळ येईल तिथे संच घेऊन जा आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवा. जुने आकडे पाठ असले तरी त्यांच्यावर विसंबू नका, आज काय लागतं ते लिहून चिठ्ठी संचाच्या पाठीला चिकटवा. मराठी केंद्र एकही लागलं नाही, तर आपल्या जिल्ह्यासाठीच्या आकाशवाणी केंद्राला पत्र टाका आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेला द्या. पत्रात वाडीचं नाव, तारीख, वेळ आणि कोणकोणत्या आकड्यांवर ऐकून पाहिलं ते लिहा. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडता आला तर उत्तम.